अर्धा पैसा

जयवंत,

तुला जाऊन आज सोळा दिवस झाले. दहावं झालं, तेरावं झालं. तुझ्या भावांनी गोडाचं जेवण घातलं, मी पंगतीला बसून जिलबी खाल्ली आणि सगळ्यांनी आग्रह केला म्हणून उठून तुझ्याबद्दल चार शब्दही बोललो. 'सरळ माणूस' असं म्हणालो. लोकांनी माना डोलावल्या. जे बोलायला हवं होतं ते मात्र बोललो नाही, कारण ते तुझ्याशी बोलायचं होतं, तुझ्या चुलतभावांशी नव्हे. आज दुपारी घरात कुणी नाही, म्हणून कागद घेऊन बसलोय. तू असतास तर म्हणाला असतास, "मास्तर, मुद्द्यावर ये. बाजार साडेतीनला बंद होतो."

मुद्दा असा की, ज्या ऑफिसात बसून तू साडेतीन वर्षं शेअरचे सौदे केलेस, त्या ऑफिसातून तुझ्या प्रत्येक सौद्यामागे मला अर्धा पैसा मिळत होता. शंभर रुपयांच्या सौद्याला अर्धा पैसा. तुला तिथे मीच नेलं होतं. आणि हे मी तुला कधीच सांगितलं नाही.

लिहिलं एकदाचं. इतकी वर्षं वाटत होतं की हे वाक्य उच्चारलं तर छप्पर कोसळेल. काही झालं नाही. बाहेर भंगारवाला ओरडतोय आणि समोरच्या बिल्डिंगीत कुणीतरी गादी झोडपतंय. तू ऐकायला नाहीस म्हणूनच हे इतकं सोपं झालं असेल.

आपल्या बँकेने स्वेच्छानिवृत्ती काढली तेव्हा आपण दोघंही पन्नाशीला टेकलेलो. तू बावीस वर्षं कॅशच्या पिंजऱ्यात, मी क्लिअरिंगच्या टेबलावर, सगळ्यांना शिकवत बसायचो म्हणून तू मला 'मास्तर' म्हणायचास. हातात एकरकमी पैसे आले आणि दिवसभर करायला काही उरलं नाही. माझं घर स्टेशनजवळच्या तिसऱ्या मजल्यावर, तिथे निदान खाली उतरलं की माणसं दिसत. तुझी उमेळ्याला वाडी होती, केळी होत्या, मोगरा होता, पण ते सगळं भाऊ बघत होते. बँकेत गेलेल्या माणसाने वाडीत येऊन सल्ले द्यावेत हे त्यांना खपत नव्हतं. "मी वाडीत पाहुणा झालोय रे," असं तू एकदा म्हणाला होतास. मी हसलो होतो.

तेव्हा वसईत गल्लोगल्ली ती ऑफिसं निघाली होती. हार्डवेअरच्या दुकानावर, डेंटिस्टच्या शेजारी, लग्नाच्या हॉलच्या मागे. पैसे त्यांचे, कॉम्प्युटर त्यांचे, बसणारे आपण. सकाळी घ्यायचं, साडेतीनच्या आत विकून मोकळं व्हायचं, उद्यावर काही ठेवायचं नाही. फायदा झाला तर त्यांचा आणि आपला वाटा ठरलेला. तोटा झाला तर तो आपण ठेवलेल्या डिपॉझिटमधून. आणि शिवाय प्रत्येक सौद्यावर त्यांची दलाली, घेताना एकदा आणि विकताना एकदा. कुठे शंभराला दीड पैसा, कुठे दोन, कुठे चार. ऐकायला कसं गोड वाटतं! पैसा म्हणजे काय, भिकारीसुद्धा घेत नाही.

पंधरा दिवस आपण तुझ्या स्कूटरवरून ती ऑफिसं पालथी घातली. माझ्याकडे रेघा मारलेली वही. तू आत शिरलास की मालकाला पहिला प्रश्न हाच, "घेताना कापता, विकताना कापता, की दोन्हींदा?" माणूस दचकायचा. मग दुसरा, "महिन्याची स्लिप छापील देणार की हातानं लिहून?" कॅशिअरचा स्वभाव जात नाही. एका ठिकाणी दुपारी वडापाव फुकट होता आणि दलाली चार पैसे. बाहेर आल्यावर तू म्हणालास, "या भावात वडापाव खायचा तर त्याच्यावर डिव्हिडंड पायजे." मी स्कूटरवर मागे बसून इतका हसलो की तू थांबलास, म्हणालास, "उतर, नाहीतर दोघं पडू."

शेवटी दोन ऑफिसं उरली. दोन्ही वसई रोडलाच, एकमेकांपासून दोन गल्ल्या सोडून. पहिल्यात फायद्याचे सत्तर टक्के आपल्याला आणि दलाली तीन पैसे. दुसऱ्यात फायदा निम्मा-निम्मा, पण दलाली दीड पैसा. घरी जाऊन विचार करू म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच पहिल्या ऑफिसात गेलो. खरंच काहीतरी विचारायचं राहिलं होतं, काय ते आता आठवत नाही. मॅनेजरने चहा मागवला. म्हणाला, "वो कल साथ में आए थे, उनको भी बिठाओ. आधा पैसा आपका. जब तक वो काम करेंगे, तब तक." मी म्हणालो, "वो दोस्त है मेरा." तो म्हणाला, "दोस्त को ही तो लाते हैं सब." एवढं बोलून तो फोनवर दुसऱ्या कुणाशी बोलायला लागला, आणि मी कपातला चहा संपवून उठलो. हो म्हणालो नव्हतो. नाहीही म्हणालो नव्हतो.

त्या संध्याकाळी तुमच्या वाडीतल्या बावखलाच्या काठी आपण वही उघडून बसलो. त्या छोट्या तळ्याच्या पाण्यावर शेवाळ होतं, तुझी आई, म्हणजे काकी, पलीकडे मोगऱ्याच्या कळ्या खुडत होत्या. तू पेन्सिल कानामागून काढलीस आणि मला समजावून सांगायला लागलास. तू, मला! म्हणालास, "हे बघ मास्तर. शंभरचा शेअर घेतला, शंभर रुपये दहा पैशाला विकला. दहा पैसे सुटले. पहिल्याकडे जाताना-येताना सहा पैसे गेले, उरले चार. चारचे सत्तर टक्के म्हणजे तीन पैसेसुद्धा नाय. दुसऱ्याकडे तीन गेले, उरले सात, त्याचे निम्मे साडेतीन. आणि समज पाचच पैसे सुटले, तर पहिल्याकडे एक पैसा आपल्याच खिशातला जातो. दुसरंच बरं दिसतंय मला."

तुझं बरोबर होतं. तेव्हाही मला कळलं होतं की तुझं बरोबर आहे. तू पाच-दहा पैशांचाच माणूस होतास. बावीस वर्षं दिवसाकाठी लाखो मोजून संध्याकाळी एक रुपया जास्त निघाला तर तो कुणाचा हे शोधत बसणारा माणूस, तो काय शेअर तास तास धरून ठेवणार? तुझ्यासारख्याने दलाली कमी असेल तिथेच बसायला हवं. हे त्या वहीत तुझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

आणि मी म्हणालो, "दहा पैशांचा हिशेब करतोस म्हणून आयुष्यभर दहा पैशातच राहशील. एक रुपया धर ना. रुपयातले सहा पैसे गेले तर काय झालं? चौऱ्याण्णवचे सत्तर टक्के कर. पासष्ट पैसे. आणि तुझ्या त्या दुसऱ्याकडे? साडेअठ्ठेचाळीस. धीर धरायला शीक, जयवंत. वाटा बघ, दलाली काय बघतोस!"

तू बराच वेळ आकड्यांकडे बघत होतास. तुला माझ्या बोलण्यातली खोट सापडत नव्हती, कारण हिशेबात खोट नव्हतीच. खोट तो कुणाला सांगितला यात होती. मग तू वही मिटलीस. "तुला अक्कल जास्त," म्हणालास. "बसू पहिल्यात."

मला खरंच वाटत होतं का, की तू धीर धरायला शिकशील? वाटत होतं. आणि अर्धा पैसा हवा होता का? तोही हवा होता. सोळा दिवस मी या दोन गोष्टी वेगळ्या करायचा प्रयत्न करतोय, होत नाहीत. निव्वळ हलकट असतो तर बरं झालं असतं, निदान स्वतःला शिवी तरी नीट देता आली असती.

पुढचं तुला माहीत आहे. तू शिकला नाहीस. सकाळी दहाला बसलास की तुझं सुरू, घेतलं, विकलं, घेतलं, विकलं. आजूबाजूला 'लिया-दिया'चा आरडाओरडा आणि त्यात तू पाठ ताठ करून नोटा मोजाव्यात तसे सौदे करत बसलेला. दिवसाला वीस-बावीस लाखांची उलाढाल. मॅनेजर तुझ्यावर खूश होता, का खूश होता ते मला कळत होतं. तुझे सहाशे रुपये रोज नुसते दलालीत जायचे आणि त्यातले रोजचे शंभर महिन्याअखेर साठून माझ्याकडे यायचे. मी शेजारच्या खुर्चीवर बसून तुला रागवायचो, "अरे धर, धर, सोडू नकोस!" तू म्हणायचास, "घड पिकायला महिने लागतात, मास्तर, पण पान रोज खुडायला लागतं." वाडीतल्या माणसाला मी काय सांगणार होतो? तरी सांगत राहिलो. तुझ्या स्वभावाला दोष देत राहिलो. महिन्याची स्लिप बघून तुझा चेहरा उतरायचा आणि मी म्हणायचो, "बघ, मी सांगत होतो." असं मी किती वेळा म्हणालो असेन, तो आकडा माझ्याकडे नाही, आणि असला तरी मी तो इथे लिहिला नसता.

आता केळ्यांचं सांगतो. हे सांगणं सगळ्यात अवघड आहे.

दुसऱ्या महिन्यापासून तू दर शनिवारी, बाजार बंद असे त्या दिवशी, माझ्या घरी वेलची केळ्यांची एक फणी घेऊन यायला लागलास. वर्तमानपत्रात गुंडाळलेली. दारातच द्यायचास, आत फारसा बसायचा नाहीस. आमच्या हिला फार कौतुक, "जयवंतभाऊ किती करतात." मीही म्हणायचो, वाडीची माणसं अशीच असतात, दिल्याशिवाय राहवत नाही त्यांना. एकदा केळी कच्ची निघाली तर मी सोमवारी तुला ऑफिसात बोलून दाखवलं. तू फक्त, "बरं, बघतो," म्हणालास. मग वर्षभरापूर्वी तुमची वाडी बिल्डरला गेली. बावखल बुजवलं. त्यानंतरही तुझी केळी येत राहिली, पण ती मोठी, पिवळीधमक, बाजारातली दिसायला लागली. मी चेष्टा केली की, "काय रे, केळी पण आता फ्लॅटमध्ये राहायला गेली वाटतं." तू हसलास. तुझं ते हसू मी गेल्या तीन दिवसांत शंभरदा डोळ्यांपुढे आणलंय.

तीन दिवसांपूर्वी, तेराव्याची पंगत उठल्यावर, काकी मला म्हणाल्या, "सुधीर, जयवंत तुला फनी देत होता ना दर शनिवारी, ती आता कोन देनार रे?" मी म्हणालो, काकी, त्याचं प्रेम होतं, आता त्याची काही गरज नाही. तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "प्रेम कसलं? तू त्याची दलाली करत होतास ना? आमच्या घरात तसंच चालतं. नात्यातल्या, मैतरातल्या मानसानं आपला माल बाजारात नेला, तर तो दलाली कापत नाय. त्याच्या घरी फनी जाते. फनी घरात घेतली की दलाली मिटली. त्याचा आजोबा पन तेच करायचा." आणि मग अगदी सहज म्हणाल्या, "वाडी गेली तवा मी बोलली त्याला, आता बंद कर. तर बोलला, नाय आये, अजून मिटली नाय."

मी तिथे उभा होतो, हातात पानाचा विडा होता, तो मी खिशात टाकला आणि बाहेर आलो.

म्हणजे तुला माहीत होतं. पहिल्या महिन्याच्या स्लिपपासून. तुझ्या कोडच्या पुढे, तुला आणणारा म्हणून, माझ्या नावाची आद्याक्षरं छापलेली असायची. मला वाटलं होतं, कोण बघतंय! बावीस वर्षं ज्याने नोटेवरच्या सह्या बघितल्या, तो दोन अक्षरं बघणार नाही असं मला का वाटावं? तुला माहीत होतं आणि तू भांडला नाहीस. ऑफिस बदललं नाहीस. तुमच्या घरच्या रीतीप्रमाणे तू मला तुझ्या बाजूने सांगितलंस, की तू माझा माणूस आहेस, दलाली सोड, ही घे फणी. दर शनिवारी सांगितलंस. आणि मी साताऱ्याकडचा, मला तुमची रीत काय ठाऊक? मी केळी खाल्ली आणि अर्धा पैसाही घेतला. घरात शिकरण केलं, जयवंत. हिने तुझ्या केळ्यांचं शिकरण करून पाहुण्यांना वाढलं.

तू एकदा तोंडाने का बोलला नाहीस? हा प्रश्न मला तुला विचारायचाय, आणि कसला संताप येतोय तुझा! एक वाक्य बोलायचं होतंस. "मास्तर, लाज वाटते का?" एवढं. मी वरमलो असतो, तोंड लपवलं असतं, कदाचित उलट भांडलोही असतो, पण काहीतरी झालं असतं. तू मात्र फणी देऊन स्कूटरला किक मारून निघून जायचास. तुला वाटलं असेल, एखाद्या शनिवारी याला कळेल. तू माझ्या अकलेवर जरा जास्तच विश्वास ठेवलास.

आणि हे सगळं माहीत असताना तू त्या सोमवारी माझ्यासाठी काय केलंस! बाजार कोसळत होता, ऑफिसात कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मी माझ्या नेहमीच्या थाटात धीर धरून बसलो होतो, सगळं डिपॉझिट पणाला लावून. बटण दाबता येईना. तू तुझे सौदे सोडून उठलास, माझ्या खांद्यावरून वाकलास आणि विकायचं बटण दाबून टाकलंस. मी किंचाळलो. तू म्हणालास, "शिव्या नंतर दे, आधी पाणी पी." वीस मिनिटांनी तो शेअर वर आला म्हणून मी दोन महिने तुझ्याशी वाद घातला, की तू हात लावला नसतास तर मी वाचलो असतो. तू म्हणायचास, "वीस मिनिटं तू वाचला नसतास." तो वाद आपला संपला नाही. संध्याकाळी तो शेअर परत किती खाली गेला होता ते मला माहीत होतं, फक्त कबूल करायचं नव्हतं. आज करतो. तू माझं घर वाचवलंस. आणि त्या महिन्याअखेरही मी तुझा अर्धा पैसा मोजून घेतला.

वाडी माझ्यामुळे गेली असं मी म्हणत नाही. भावांना विकायचीच होती, आजूबाजूच्या सगळ्यांनी विकली होती. पण तुझ्या हाती चार पैसे असते तर तू तुझा हिस्सा अडवून धरणार होतास, हे तू मला सांगितलं होतंस. चार पैसे नव्हते. दीड पैशाच्या ऑफिसात असते का? हिशेब मला येतो. मी तो एकदा केला, कागद फाडून टाकला, आणि तरी आकडा पाठ झालाय.

मग हॉस्पिटल. मेंदूत रक्तस्राव, उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, ऐकू येत असावं. सहा दिवस तू तिथे पडून होतास आणि सहाही दिवस मी यायचो. सुलभावहिनी उशाशी, भाऊ बाहेर बाकावर, कुणी ना कुणी असायचंच. चौथ्या दिवशी वहिनी औषधं आणायला खाली गेल्या आणि आपण दोघंच उरलो. तुझे डोळे उघडे होते. मी स्टूल पुढे ओढलं. म्हणालो, "जयवंत, एक सांगायचंय तुला." तू डावा हात चादरीवरून थोडासा उचललास. तळवा माझ्याकडे. 'बोल' म्हणत होतास की 'राहू दे' म्हणत होतास? मी तो तळवा बघत राहिलो. दहा मिनिटं होती माझ्याकडे, आणि मी म्हणालो, "आज बाजार साठ पॉइंट वर बंद झाला." तू डोळे मिटलेस. आपलं शेवटचं बोलणं ते. परत कधी आपण दोघंच असे उरलो नाही.

इथवर लिहून थांबणार होतो. पण काल जे झालं ते सांगितल्याशिवाय हा कागद खोटा राहील.

काल वहिनींनी निरोप पाठवून बोलावून घेतलं. नव्या बिल्डिंगमध्ये, वाडीच्या बदल्यात मिळालेल्या त्या दोन खोल्यांत. पुढ्यात तुझ्या स्लिपांची फाइल आणि एक वही. मला ठाऊकच नव्हतं, की तू रोज घरी जाऊन दिवसभराचे सौदे त्यांना वाचून दाखवायचास आणि त्या लिहून घ्यायच्या. सुंदर अक्षर आहे. त्या म्हणाल्या, "भाऊजी, त्यांचं डिपॉझिट थोडं उरलंय. मला नोकरी कोण देणार आता? मी बसू शकेन असं वाटतं. समजतं मला. फक्त कुठे बसायचं ते तुम्ही सांगा, कारण त्यांना पण तुम्हीच सांगितलं होतंत."

आणि जयवंत, या खेपेला मी खरं सांगितलं. म्हणालो, वहिनी, थोड्या थोड्या फायद्याचं काम करणार असाल तर वाटा बघू नका, दलाली बघा. दोन गल्ल्या सोडून ते दुसरं ऑफिस आहे, दीड पैसावालं, तिथे बसा. मी कागद घेऊन त्यांना दहा पैशांचा हिशेब करून दाखवला. तुझाच हिशेब, बावखलाच्या काठी तू मला दाखवला होतास तोच, शब्द न् शब्द. छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. निदान तुझ्या बायकोला तरी मी नीट बसवतोय.

वहिनींनी आकडे बघितले. फाइल उघडली. तुझ्या स्लिपेवर बोट ठेवून हळूहळू बेरीज करत खाली आल्या. त्यांनाही तुझ्यासारखंच, ओठ हलवत मोजायची सवय आहे. मग वर बघून म्हणाल्या, "पण ते तर रोज असंच करायचे. पाच पैसे, दहा पैसे. मग त्यांना का नाही सांगितलंत दुसऱ्या ऑफिसाचं?"

आवाजात आरोप नव्हता. नुसतं विचारत होत्या. त्या अक्षरांवर त्यांचं बोट होतं, माझ्या नावाच्या, त्यांना न कळलेल्या. आता सांगायचं होतं. तू मला दर शनिवारी जी संधी दिलीस तशीच एक वहिनींनी दिली होती, दिवसाउजेडी, समोर बसून, आणि मध्ये कुणी नव्हतं.

मी म्हणालो, "सांगितलं होतं ना, वहिनी. पण त्याला सत्तर टक्के हवे होते."

त्यांनी फाइल मिटली. डोळे पुसले. मग चक्क हसल्या, अगदी मायेने, तुझ्यावर. म्हणाल्या, "हट्टीच होते. तुमचं तरी कधी ऐकलं त्यांनी?"

एकदाच ऐकलं होतंस तू माझं.